वळण की वजन?

वयाची पन्नाशी उलटली की पुरुषाला गुडघेदुखी, फार्महाउस किंवा अध्यात्म यांपैकी काहीतरी एक गाठतेच, असे माझे निरीक्षण आहे. मला मोटारीने गाठले, आणि तेही एकीने नव्हे, दोघींनी. कन्या शिकायला दुसऱ्या राज्यात गेली, जाताना आपली गाडी घेऊन गेली, आणि गॅरेजमध्ये जी रिकामी चौकट उरली तिच्याकडे मी रोज रात्री कचऱ्याचा डबा बाहेर काढताना रेंगाळून पाहू लागलो. अशातच डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, एका विक्रेत्याकडे वापरलेली माझदा मियाटा आणि दोन सिग्नल पुढे दुसऱ्याकडे जवळजवळ त्याच किमतीची डॉज चॅलेंजर उभी असल्याचे मला कळले. त्यानंतरचे सहा आठवडे माझे जेवणात लक्ष नव्हते, असे मी म्हणतो; घरच्यांचे म्हणणे असे की मी जेवलो नीटच, फक्त जेवताना बोललो फार.

ज्यांना या दोघी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मियाटा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि तेव्हापासून तिने आपला बांधा फारसा सुटू दिलेला नाही: वजन टनाच्या किंचित वर, दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोनच आसने, आणि बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलता येणारे कापडी छप्पर. तिच्या जपानी कर्त्यांचे ब्रीद ‘जिंबा इत्ताई’ असे आहे. घोडा आणि स्वार एकरूप, असा त्याचा अर्थ. घोडा आणि स्वार यांचे ऐक्य मी आजवर फक्त लग्नाच्या वरातीत पाहिले होते, जेथे बँडच्या आवाजाने दोघेही सारखेच भेदरलेले असतात.

चॅलेंजरचे कूळ निराळे. १९६४ मध्ये पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे दांडगे इंजिन बसवून जीटीओ काढली, तेव्हापासून ‘मसल कार’ ही पहिलवानी परंपरा सुरू झाली असे सर्वसाधारणपणे मानतात. मी पाहिलेल्या चॅलेंजरचे वजन एकोणीसशे किलोच्या घरात होते आणि आठ सिलिंडरांचे इंजिन ५.७ लिटरचे. हा आकडा नीट समजावा म्हणून मी भागाकार केला. माझ्या वडिलांच्या मारुती ८०० चे सबंध इंजिन ७९६ सीसीचे होते. या पहिलवानाचा एकेक सिलिंडरच सातशे सीसीच्या वर जातो. म्हणजे ज्या गाडीतून आम्ही पाच जण, पाण्याची कळशी आणि आजीची वळकटी घेऊन महाबळेश्वरला जात असू, तशा सात गाड्या या एका बॉनेटखाली दाटीवाटीने बसल्या होत्या.

खरी अडचण माझ्या जन्मगावाने करून ठेवली. मी वाईचा. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट ज्याने लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिला, त्याच्या मनात मोटार म्हणजे वळण हे समीकरण कायमचे बसते. वळणावर गाडीचे वजन सरळ जाऊ पाहते आणि टायर तिला आत ओढतात. वजन वाढेल त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही, म्हणून घाटात हलकी गाडी नाचते आणि जड गाडी विनवण्या करायला लावते. हे मला पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले, पण पोटाला ते आधीच माहीत होते. उलट, वाईच्या माणसाला जाडजूडपणाचे वावडे असणेही शक्य नाही, कारण कृष्णेच्या घाटावरचे आमचे दैवतच मुळी ढोल्या गणपती. लहानपणापासून मी घाटालाही भ्यालो आणि ढोल्यालाही हात जोडले. आता निवड कशी करावी?

त्यात मी राहतो तो मिशिगनचा भाग असा, की तेथे वळण हा पदार्थच मिळत नाही. रस्ते एकेका मैलाच्या अंतराने पट्टीने आखलेले. त्यांची नावेसुद्धा एट माइल, नाइन माइल, टेन माइल अशी, जणू नाव ठेवणारा पाढे म्हणत झोपी गेला. सरळ रस्त्यावर पहिलवानाचेच राज्य असणार. १९६० च्या दशकात याच वुडवर्डवर तरुण मंडळी सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत, आणि १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तेथे जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, तिच्यात फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आजोबा आठ सिलिंडरांची गाडी गेली की अजूनही छाती पुढे काढतात. मागून एखादी मियाटा गेली तर तेच आजोबा शेजारच्याचे तान्हे बाळ दाखवायला आणल्यासारखे गोड हसतात. बावन्नाव्या वर्षी मला नक्की काय हवे होते, छाती की हसू, हेच ठरेना.

आधी चॅलेंजर चालवून पाहिली. तिचा रंग ‘गो मँगो’ या नावाने विकला जात असे. तो कोणत्याही पेटीतल्या हापूसशी जुळत नाही, हे मी विक्रेत्याला समजावून सांगितले, आणि त्याने ते ज्या नम्रतेने ऐकून घेतले तिच्यावरूनच गाडी बरेच दिवस पडून असावी हे मी ताडले. बटण दाबताच आधी माझ्या बरगड्या थरथरल्या आणि मग आवाज ऐकू आला. समोरचे बॉनेट इतके लांबरुंद होते की त्यावर चार घरांचे पापड वाळले असते. सिग्नल हिरवा झाला, मी पाय किंचित टेकवला, आणि माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावरून आपणहून वर सरकला. आयुष्यात प्रथमच काहीतरी मला न विचारता मागून ढकलत होते, आणि मला ते आवडत होते. पेट्रोलचा काटाही तितक्याच उत्साहाने हलत होता, पण अशा वेळी तिकडे पाहू नये.

मियाटात शिरणे हा वेगळा विधी आहे. आधी उजवा पाय आत टाकायचा, मग बूड सोडून द्यायचे, आणि राहिलेला देह हप्त्याहप्त्याने आत ओढून घ्यायचा. माझी पाच फूट चार इंच उंची लग्न जुळवताना तीन ठिकाणी अडचणीची ठरली होती. तिचे येथे प्रथमच चीज झाले, डोके छपराला लागले नाही. पोटाबद्दल स्टिअरिंगचे मत वेगळे होते. रस्त्यावर आलो तेव्हा शेजारच्या पिकअप ट्रकच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांसमोर होते. पण गिअरचा तो आखूड दांडा मनगटाच्या एका झटक्याने पुढच्या घरात बसला आणि मी एकदम फ्रीवेकडे वळलो, कारण आमच्या मुलखातले एकमेव खरे वळण तेथे असते. दोन हमरस्ते जेथे एकमेकांवरून जातात तेथे चार पाकळ्यांचा जोडरस्ता असतो, आणि ओळीने चारही पाकळ्या घेतल्या तर माणूस निघाला त्याच दिशेला तोंड करून परत येतो. प्रत्येक पाकळी उजवीकडेच वळते, म्हणजे शास्त्राला धरून प्रदक्षिणाच. मी दोन घातल्या. पाचव्या पाकळीपाशी शेजारी बसलेल्या विक्रेत्याने, आपल्याला बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही का, असे हळूच विचारले. मला पाचगणी दिसत होते. त्याला काय सांगणार?

बायकोने या प्रश्नाकडे डिकीच्या बाजूने पाहिले. चॅलेंजरची डिकी साडेचारशे लिटरांहून मोठी, मियाटाची एकशे तीसच्या आसपास. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला चाळीस माणसांची आमटी न्यायची तर पातेले मियाटात कोठे ठेवायचे, हा तिचा पहिला प्रश्न होता आणि तिच्या मांडीवर, हे माझे पहिले आणि शेवटचे उत्तर. विषय बदलावा म्हणून मी तिला चॅलेंजरच्या घराण्यातली एक गंमत सांगितली: २०१८ च्या ‘डीमन’ या आवृत्तीत वजन वाचवण्यासाठी चालकाच्या शेजारचे आसनच दिलेले नसे, आणि ते हवे असल्यास एक डॉलर जादा द्यावा लागे.

“म्हणजे बायकोची किंमत एक डॉलर,” ती म्हणाली. “आणि तीही हवी असेल तरच.”

विषय बदलला खरा.

शेवटी मी वाईला फोन लावला. आईने दोन्ही वर्णने शांतपणे ऐकून घेतली. दोनच माणसे बसतात तर पैसेही निम्मे पडत असतील, अशी तिची समजूत होती. ती दूर केल्यावर थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज आला.

“अरे, आपला गणपती केवढा ढोल्या,” ती म्हणाली, “पण वाहन काय निवडलंय त्यानं? उंदीर. बसणारा जड असला की गाडी हलकीच बरी.”

इतका बिनतोड तांत्रिक सल्ला मला कंपनीतल्या कोणत्याही बैठकीत मिळालेला नव्हता. चॅलेंजरचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले आहे, अशी पुन्हा निघायची नाही, वगैरे युक्तिवाद माझ्याजवळ तयार होते. ते उंदरापुढे टिकले नाहीत. शनिवारी मी मियाटा घरी आणली. नव्या मालकाच्या हातून चॅलेंजर पुढे वुडवर्डवरून गेली तेव्हा मी भाजीच्या दुकानाबाहेर उभा होतो, आणि माझी छाती आपोआप पुढे आली, हे येथे नमूद करतो.

मी गाडी घेतली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. मिशिगनमध्ये या दिवसांत गाडी घेणे म्हणजे चातुर्मासाच्या तोंडावर मुहूर्त काढणे. बर्फ पडले, रस्त्यांवर मीठ पडू लागले, आणि मीठ पत्र्याला खाते म्हणून मियाटा गॅरेजमध्ये आच्छादनाखाली गेली, ती आता एप्रिलशिवाय बाहेर निघणार नाही. तेव्हा रोज रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आलो की मी आच्छादन अर्धे उचलतो, ठरल्या क्रमाने देह आत ओढून घेतो, इंजिन चालू न करता क्लच दाबतो आणि पसरणीच्या एकेका वळणाला गिअर बदलतो. काल बुवासाहेब मंदिराच्या वळणावर होतो तेव्हा पलीकडचे दार उघडले. अंगावर शाल, हातात चहाचे दोन कप, अशी बायको तिच्या पद्धतीने, म्हणजे माझ्यापेक्षा सहज, आत येऊन बसली आणि तिने डॅशबोर्डवर एक डॉलरची नोट ठेवली.