ॲपला पैसे द्यायचे, पण एकदाच

“ॲपला कुणी पैसे देतंय का?” हा प्रश्न दुकानात रोज कानावर येतो. माझं उत्तर ठाम आहे. हो, द्यावेत. सगळ्या ॲपना नाही आणि दर महिन्याला तर अजिबात नाही. पण जे ॲप घरात रोज उघडलं जातं आणि ज्याच्या जाहिराती एकदाच शंभर-दोनशे रुपये भरून कायमच्या बंद होतात, त्याला बिनधास्त पैसे द्यावेत. पुण्या-मुंबईच्या भारी फोनवाल्यापेक्षा उदगीर, जळकोट, देगलूर, अहमदपूरकडच्या साध्या फोनवाल्या माणसाला याची गरज जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं उदगीरला मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. “भाऊ, मोबाईल लई अटकायलाय”, “बॅटरीच टिकंना”, “आपोआप काहीतरी उघडायलंय” असं म्हणत माणसं येतात. बऱ्याच वेळा फोनमध्ये बिघाड नसतोच. आत टॉर्चचं ॲप, क्लीनरचं ॲप, बॅटरी वाचवायचं ॲप, वॉलपेपरचं ॲप, सगळी फुकटची. टॉर्च फोनमध्ये आधीपासूनच असते, तरी वेगळं ॲप असतंच. विचारलं तर सांगतात, “तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे असं आलं होतं, म्हणून दाबलं.” दाबलं की एक ॲप आलं, त्यातल्या जाहिरातीवर बोट पडलं की दुसरं आलं. मग फोन उघडायच्या आधीच पडद्यावर जाहिरात. यात त्या माणसाची काहीच चूक नाही. जाहिरात बंद करायची फुली मुद्दाम एवढी बारीक ठेवलेली असते की नांगर-कुळवावर राबलेलं बोट तिच्यावर नेमकं पडणारच नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. पहाटे फोन समोर ठेवून हरिपाठ लावतात. दोन अभंग झाले की मोठ्या आवाजात जाहिरात सुरू. आधी रमीची असायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून रमी दिसेना झाली, पण तिच्या जागी झटपट कर्जाची ॲपं आली. मावशींना वाचायला जेमतेम येतं. एक दिवस फोन घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, हे मधीमधी कोण बोलायलंय? म्या काय दाबलं बी नाही.” फोन बघितला तर एका कर्जाच्या ॲपनं आत येऊन फोनबुक वाचायची परवानगीसुद्धा घेतलेली. मी ते काढून टाकलं आणि चाकणला कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाला फोन लावला. त्यानं हरिपाठाच्या ॲपच्या जाहिराती बंद करायचे पैसे भरले. दोनशेच्या आतली रक्कम, एकदाच. आता हरिपाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चालतो. मला कुणी विचारलं की ॲपचे पैसे वसूल होतात का, तर मी हेच उदाहरण सांगतो. त्या पैशात नुसता अभंग सलग मिळाला नाही, तर कर्जवाल्याचा घरात यायचा एक रस्ता बंद झाला.

टॉर्चच्या ॲपवरून हसू नका. अमेरिकेत ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं एक फुकट ॲप कोट्यवधी फोनमध्ये होतं. ते माणूस कुठं आहे याची माहिती जाहिरात कंपन्यांना देत होतं आणि २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यावर कारवाई केली. आपल्या रोजच्या व्हॉट्सॲपचंच बघा. सुरुवातीच्या काळात पहिलं वर्ष फुकट आणि पुढं वर्षाला एक डॉलर, असा त्यांचा हिशोब होता. जाहिरात घ्यायची नाही, हा संस्थापकांचा हट्ट होता. २०१४ मध्ये फेसबुकनं कंपनी घेतली, २०१६ च्या जानेवारीत ती एक डॉलरची वर्गणी बंद झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये अपडेट्सच्या पानावर जाहिराती आणायची घोषणा झाली. वर्षाचा एक डॉलर गेला आणि शेवटी जाहिरात आलीच.

पैसे वाचवायचा अजून एक रस्ता आपल्याकडं जोरात आहे, तो म्हणजे ‘मोड एपीके’ (एपीके म्हणजे ॲप टाकायची फाईल). पोरं टेलिग्रामवरून पैशाच्या ॲपची फोडलेली फाईल उतरवतात, स्वतः वापरतात आणि वडिलांच्या फोनमध्येही घालतात. ती घालण्यासाठी प्ले स्टोअरबाहेरचं ॲप घ्यायची सेटिंग चालू करावी लागते आणि ती नंतर कुणी बंद करत नाही. पुढं व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान, आरटीओ चलान अशा नावानं एपीके फाईल येते. वडील ती उघडतात. ती एसएमएस वाचते, बँकेचा ओटीपी जातो आणि खातं रिकामं होतं. सोयाबीनची पट्टी नुकतीच जमा झालेली असते. शंभर रुपये वाचवायला उघडं ठेवलेलं दार असतं ते, म्हणून माझ्या दुकानात मी मोड एपीके टाकून देत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी देत नाही.

आता महिन्याच्या वर्गणीबद्दल. इथं मी एकदम उलट्या बाजूला आहे. एकदा घेतलेलं ॲप आणि दरमहाचं ॲप यात स्वतःचा बोअर आणि टँकर एवढा फरक आहे, आणि टँकरचा हिशोब मराठवाड्याला शिकवावा लागत नाही. छोट्या-छोट्या सिरियलच्या ॲपवर “फक्त १ रुपयात ट्रायल” दिसतं. तो एक रुपया भरताना यूपीआयचा पिन टाकला की ऑटोपे चालू होतं आणि आठवड्यानं शेकड्यात पैसे कटतात. लोकांना वाटतं ॲप डिलीट केलं म्हणजे विषय संपला. तसं नसतं! ॲप काढलं तरी वर्गणी चालूच राहते. प्ले स्टोअरमधून घेतलेली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन बंद करावी लागते, थेट यूपीआयनं घेतलेली असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. पण १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी नव्यानं ओटीपी लागत नाही आणि तो आधीचा मेसेज इंग्रजीत आला तर आमच्याकडं वाचणार कोण? ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. वर्गणीत अडकवून बाहेर पडू न देणं हा त्यातलाच एक. कुणी अडकवलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

काही ठिकाणी मात्र एक रुपयासुद्धा द्यायची गरज नाही. वीज कुठं पडायलीय ते सांगणारं ‘दामिनी’ हे पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संस्थेनं केलेलं ॲप आहे. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजेचा इशारा देतं आणि मराठीतही आहे. आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडाला माणसं आणि जनावरं विजेनं जातात, त्यामुळं हे ॲप प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये मी स्वतःहून टाकून देतो. ‘मेघदूत’ या सरकारी ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी पीकसल्ला येतो. हे आपल्या करातून झालेलं काम आहे, पैसे आपण आधीच भरलेत. व्हिडिओसाठी व्हीएलसी आहे, तेही फुकट आणि बिनजाहिरातीचं. ना-नफा संस्था ते चालवते. मग हवामानासाठी वर्षाला पाचशे रुपये मागणारं सुंदर ॲप कशाला पाहिजे?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या आईबापांनाही हेच सांगेन. टेस्ट सिरीजचं दोन-तीन वर्षांचं पॅकेज एकदम घेऊ नका. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साईटवर फुकट आहेत. सरावासाठी नीटची परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं २०२० मध्ये ‘नॅशनल टेस्ट अभ्यास’ हे फुकट ॲप आणलं. आधी ते सोडवा, कमी पडलं तर मग एका वर्षाचं बघा.

ज्यांनी पैसे दिले त्यांचं नुकसान कुठं होतं ते आम्हा दुकानदारांना माहीत आहे, म्हणून उघड सांगतो. विकत घेतलेलं ॲप फोनला नाही, जीमेल खात्याला जोडलेलं असतं. नवा फोन घेतला की पासवर्ड आठवत नाही, दुकानदार दोन मिनिटांत नवं जीमेल काढून देतो आणि जुन्या खात्यातलं ॲप तिथंच राहतं. जुनं खातं चालू ठेवलं तर तेच ॲप नव्या फोनमध्ये परत पैसे न देता मिळतं. जीमेल आणि पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. आणि ॲप घेतल्यावर पटलं नाही तर ४८ तासांच्या आत गुगलकडं पैसे परत मागता येतात.

राहिला ॲप करणाऱ्याचा प्रश्न. २०१५ मध्येच गुगलनं भारतात ॲपची किमान किंमत ५० वरून १० रुपयांवर आणली. २०२१ मध्ये ॲप करणाऱ्या छोट्या माणसाकडून गुगल घेतो तो कट १५ टक्क्यांवर आला, म्हणजे शंभरातले ८५ करणाऱ्याकडं राहायला लागले. नांदेडला इंजिनिअरिंग केलेला एक पोरगा माझ्याकडं येतो. दूध डेअरीच्या हिशोबाचं मराठी ॲप त्यानं एकट्यानं लिहिलंय. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), दर दहा दिवसांचा दुधाचा पगार, सगळं त्यात आहे. गावातले डेअरीवाले रोज सकाळ-संध्याकाळ ते वापरतात आणि दीडशे रुपये म्हटलं की म्हणतात, “फुकट दे की.” त्यानं जाहिराती घातल्या नाहीत, कारण माप घेताना मध्येच जाहिरात आली तर लिटर चुकतो. त्याला दीडशे रुपये मिळायलाच पाहिजेत. नाही मिळाले तर तो पुण्याला जाऊन दुसऱ्याचं काम करेल आणि डेअरीवाल्याला इंग्रजीतलं, दरमहा पैसे कापणारं ॲप घ्यावं लागेल.

उदगीरच्या आसपास असाल आणि फोनमधून पैसे कशाचे कटतात ते कळत नसेल, तर आईवडिलांचा फोन घेऊन दुकानात या. ऑटोपे आणि सबस्क्रिप्शन बघून बंद करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना जीमेलचा पासवर्ड तेवढा शोधून आणा.