रस्ता सपाट आहे

"भावोजी, रस्ता अगदी सपाट आहे," असं मेहुणा म्हणाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. सपाट रस्त्याचं कोणी उगाच कौतुक करत नाही. केलं, तर समजावं की चढ नाही, पण त्याहून वाईट काहीतरी आहे. इथे वाळू होती.

अमेरिकेतल्या युटा राज्यातला लोअर काफ क्रीक धबधबा. हायवे 12 वरून खाली दरीत उतरलं की गाडी लावायची आणि जाऊन-येऊन सुमारे सहा मैल चालायचं. काफ म्हणजे वासरू; पूर्वी या दरीत लोक वासरं कोंडून ठेवत, म्हणून हे नाव पडलं. त्या वाळूतून पळून जायचं वासरांच्या मनातसुद्धा येत नसणार.

पाऊल पुढे टाकावं तर अर्धं मागे सरकतं. म्हणजे सहा मैलांचे माझ्या हिशेबाने बारा झाले. त्यात पाठीवर चार लिटर पाणी. पाणी बघायला जाताना पाणी वाहून नेणं हा वेडेपणा वाळवंटात शहाणपणात मोडतो. दर शंभर पावलांनी मी थोडं ओझं पोटात हलवत होतो. बायको पुढून ओरडली, "अहो, परतीला ठेवा!"

मला तारलं ते खांबांनी. वाटेवर नंबर घातलेले खांब आहेत आणि कुठल्या खांबापाशी काय बघायचं ते माहितीपत्रकात छापलेलं. मेहुणा प्रत्येक खांबाशी थांबून मोठ्याने वाचायचा. शाळेत मी कधी एक शंका विचारली नव्हती, पण खांब दिसला की माझी जिज्ञासा उफाळून यायची. समोरच्या कड्यावर फ्रीमाँट या इथल्या प्राचीन मूलनिवासी लोकांनी रंगवलेल्या तीन लाल मानवाकृती आहेत, सातशे वर्षांहून जुन्या. त्या मी इतका वेळ न्याहाळल्या की मेहुण्याला माझ्यात इतिहासप्रेमी दिसू लागला. मी फक्त धाप जिरवत होतो.

पुढच्या एका थांब्यावर त्याने कड्याची गोष्ट सांगितली. हा नवाहो सँडस्टोन, म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दडपून झालेला दगड. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणून एवढ्या रखरखाटात ओढा बारमाही वाहतो. "आणि हाच दगड झिजून पुन्हा वाळू होतो, भावोजी!" तो आनंदाने म्हणाला. मी खाली बुटांकडे पाहिलं.

धबधबा मात्र खरा निघाला. शेवटच्या वळणावर एकदम गार वारा अंगावर आला आणि समोर 126 फुटांवरून पाणी, मागे शेवाळाने हिरवा-पिवळा झालेला कडा. मी जोशात डोहात शिरलो. गुडघ्यापर्यंत गेलो आणि तोंडातून जो आवाज निघाला तो कड्यावर आपटून परत आला. तोही कुडकुडत असावा. काठावर एक पोरगं खुशाल पोहून आलं आणि दात न वाजवता सँडविच खात बसलं. अशी मुलं मला आवडत नाहीत.

परतीची वाट तीच, वाळूही तीच, खांबसुद्धा तेच. पण मेहुण्याचं वाचून झालेलं होतं, त्यामुळे थांबायला निमित्त उरलं नव्हतं.

रात्री मोटेलच्या बाथटबमध्ये मी बूट उलटे केले. दोन्ही बुटांचे मिळून दोन छोटे ढीग झाले. "बघ," मी बायकोला म्हटलं, "एकोणीस कोटी वर्षांपूर्वीची वाळू!"

"आधी टब धुवा," ती म्हणाली.