‘ओरिजिनल एलईडी थंडच असतो’ म्हणणाऱ्यांना

लातूरकडच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो: ‘ओरिजिनल एलईडी थंड असतो. दिव्याच्या पाठीला हात लावून चटका बसला तर माल डुप्लिकेट. एकदा लावला की ५०,००० तास, म्हणजे सतरा वर्षं बघायला नको.’ शेडचे मोठे दिवे बसवणं-दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. हे वाचून लोक चांगले दिवे परत करायला निघतात, त्याचं वाईट वाटतं.

समोरून थंड लागतो, हे खरं. जुना बल्ब उजेडासोबत उष्णताही समोर फेकायचा, एलईडी तसं करत नाही. पण १०० वॅटच्या दिव्यात साधारण निम्मी वीज, बऱ्याचदा जास्तच, उष्णता होऊन उजेड देणाऱ्या चिपमध्ये उरते. तिला मागूनच वाट आहे: अॅल्युमिनियमची प्लेट, उष्णता पुढे नेणारी पेस्ट, पाठीवरच्या धातूच्या पात्या, मग हवा. पात्या तापल्या म्हणजे ती वाट चालू आहे. उलट १०० वॅट छापलेल्या दिव्याची पाठ तासाभरानंतरही थंडगार असेल, तर एक तर तो तेवढी वीज घेत नाही, नाहीतर उष्णता आतच कोंडलीय.

आता सतरा वर्षं. रोज आठ तास दिवा लावला असं धरलं तर हिशेब बरोबर आहे. पण तो आकडा सहसा २५ अंशांच्या हवेतला, आणि तेवढ्या तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येतो एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२, पत्र्याखाली त्याहून जास्त. पात्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापत असतील तर २५ च्या हवेत ६५, इथं पत्र्याखाली ४५ धरले तर ८५. चिप त्याहून गरम. शिवाय आधी मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका डाळ मिलमध्ये एकाच रांगेतले तीन दिवे गेले. शिडी लावून वर गेलो तर पात्यांच्या फटी तुरीच्या भुशानं गच्च भरलेल्या, फिटिंग पत्र्याला चिकटवलेलं. एक खोलला. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, पेस्टचा मधोमध एकच वाळका ठिपका. चिपा मात्र तिन्ही दिव्यांत शाबूत! पेस्ट फट भरेल इतकीच पातळ पसरली, नवे ड्रायव्हर दिव्यापासून लांब भिंतीवर घेतले, दिवे पत्र्यापासून हातभर खाली टांगले. मालकांना सांगितलं, महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून पात्यांवर कोरडा ब्रश फिरवा.