गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं

‘एकदा गुन्हा दाखल झाला की सरकारी नोकरी विसरा’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. माझ्या चुलतभावावर गावच्या निवडणुकीतल्या हाणामारीवरून भारतीय दंड संहितेचं कलम ३२३ (मारहाण) आणि ५०४ (मुद्दाम अपमान) लागलं होतं. नंतर तडजोड झाली, केस मिटली. भरतीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी आहे असं लिहून द्यायचा फॉर्म, हातात आला. ‘कधी अटक, खटला, शिक्षा?’ या रकान्यापुढे गावातल्या एका जाणत्याच्या सल्ल्यावरून त्याने ठोकून दिलं ‘नाही’. चारित्र्य पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यातून फिरून आला आणि नेमणूक गेली. कारण मारामारी नव्हे, माहिती दडवली हे. त्याच केसमधल्या दुसऱ्या पोराने सगळं लिहून निकालाची प्रत जोडली, तो आज नोकरीत आहे.

अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय: माहिती खरीच द्यायला हवी; दडवलेलं प्रकरण किरकोळ असेल तर खात्याला त्याकडे दुर्लक्ष करता येतं. अर्थात खरं लिहिलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं नाही, पूर्वेतिहास तपासायचा हक्क खात्याकडे राहतोच. आणि अल्पवयात झालेल्या शिक्षेचं काय? अशी शिक्षा सहसा पुढे अपात्र ठरवत नाही, असं सांगणारं बाल न्याय कायद्याचं कलम २४ लेखात यायलाच हवं होतं.