भुशीचा सांडवा कोणाच्या ताब्यात?

लोणावळ्याचे भुशी धरण भरून वाहू लागले, की 'भुशी ओव्हरफ्लो' अशी बातमी येते आणि पुढच्या रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. त्या गाड्यांत बहुतेक वर्षी माझीही असते, तेव्हा पुढचे सारे मला स्वतःलाही लागू आहे.

हे धरण मुळात सहलीसाठी बांधलेलेच नाही. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागत असे, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते इंद्रायणीवर बांधले. इंजिने इतिहासजमा झाली आणि पाण्याला आपण नवे काम दिले. ज्या पायऱ्यांवर पाय सोडून आपण मक्याचे कणीस खातो, त्या पायऱ्या म्हणजे धरणातले जास्तीचे पाणी खाली उतरण्याची वाट आहे. दुसऱ्या कोणत्याही धरणाच्या सांडव्यात कोणी सतरंजी अंथरली, तर आपणच त्याला वेड्यात काढू.

30 जून 2024 रोजी, रविवारी, भिंतीच्या मागच्या डोंगरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. त्यानंतर प्रतिबंधात्मक आदेश निघाले, बंदोबस्त लागला. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 रोजी, पुन्हा रविवारीच, याच इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये झाला. कोणते धरण त्याच्या कक्षेत येते, हे प्रामुख्याने उंचीवरून ठरते: 15 मीटरपेक्षा उंच असेल तर येते, 10 ते 15 मीटर असेल तर भिंतीची लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया अशा गोष्टी पाहिल्या जातात. सांडव्यावर रविवारी किती माणसे बसतात, हा प्रश्न या निकषांत कुठेही नाही. भिंत शाबूत आहे ना, एवढे तपासून सहलीच्या धरणाची सुरक्षा पूर्ण होत नाही, कारण इथे भिंतीला तडा न जाताही माणसे मरू शकतात.

भिंत रेल्वेची, गर्दी पोलिसांची, रस्ता आणि कचरा नगरपरिषदेचा, अशा वाटणीत पाणी मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. घड्याळ पाहून पर्यटकांना हटवणे सोपे आहे, पण डोंगरावरचा पाऊस घड्याळ पाहत नाही. वरच्या ओढ्यांवर पाणी मोजण्याची खूण, ती ओलांडताच वाजणारा भोंगा आणि पायऱ्या रिकाम्या करण्याचा अधिकार असलेला एक माणूस, एवढे तरी पावसाळ्याच्या आधी ठरलेले असावे, असे मला वाटते. पाणी गढूळ झाले आणि काडीकचरा वाहून येऊ लागला, की वर लोंढा सुटलेला असू शकतो, हे गावातल्या कोणालाही ठाऊक असते. पाहुण्याला ते कोणी सांगायचे?

मागे एकदा तिथे बसलो असताना पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत चढले. शिट्टी वाजली, पण ती वरच्यांसाठी की खालच्यांसाठी, हे त्या आवाजात कळेना. आम्ही चौघे उठलो. शेजारच्या कुटुंबाने मात्र पाय अधिक घट्ट रोवले आणि फोटोसाठी मुलाला खांद्यावर घेतले.