लेगाटोसाठी बोटांना रबर बांधू नका

'लेगाटो म्हणजे निव्वळ बोटांची ताकद' असे ठासून सांगणारा एक व्हिडिओ आणि त्यासोबतचा पाच नियमांचा संदेश सध्या आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. लेगाटो म्हणजे गिटारवर प्रत्येक स्वर उजव्या हाताने न छेडता, डाव्या हाताच्या बोटांनी स्वर सलग जोडत वाजवणे. अंगठा कायम नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) मागे मधोमध ठेवा आणि मनगट जमेल तितके पुढे काढा. तार जितकी जोरात दाबाल तितका स्वर मोकळा येईल. पुल-ऑफला, म्हणजे बोट उचलताना तार छेडून खालचा स्वर काढताना, बोट झटक्याने ओढा. अनामिका आणि करंगळीला रबर बांधून आग होईपर्यंत व्यायाम करा. आणि गिटारची ॲक्शन, म्हणजे तारांची दांडीपासूनची उंची, जास्त ठेवा, म्हणजे बोटे आपोआप मजबूत होतील, असे हे नियम आहेत. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या भाच्याने ते शब्दशः पाळले. दिवसभर कापूस वेचून आल्यावर संध्याकाळी डाव्या हाताला रबर, आणि थांब म्हटले की उत्तर तयार: "मामा, दुखल्याशिवाय हात तयार होत नाही म्हणते ना तो." हा 'तो' कोण आणि आजवर त्याने कोणाचे हात तयार केले, हे विचारण्याची काही सोय नसल्यामुळे हे लेखी उत्तर.

सर्वांत घातक नियम रबराचा, म्हणून आधी तोच घेतो. डावा तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या आणि आता फक्त अनामिका उचलून पाहा. ती जेमतेम हलते, आणि हा काही सरावाचा अभाव नव्हे. हाताच्या पाठीवर मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांचे स्नायुबंध एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि रबर कितीही ताणले तरी त्या पट्ट्या सुटत नाहीत. शिवाय बोट वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. रबराविरुद्ध बोटे उघडताना उचलणारे स्नायू राबतात, तर हॅमर-ऑनला, म्हणजे बोट तारेवर आपटून स्वर काढायला, बोट खाली आणणारे स्नायू लागतात, म्हणजे व्यायामही भलत्याच जागी होतो. युरोपीय संगीतकार रॉबर्ट शुमान याने 1830 च्या सुमारास बोटे स्वतंत्र करण्यासाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट कायमचे दुबळे झाले आणि पियानोवादक होण्याचा नाद त्याला सोडावा लागला. दुखण्याच्या नेमक्या कारणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. परंतु त्या साधनाने त्याचा हात सुधारला, असे त्यांच्यातला कोणीही म्हणत नाही. जे त्याला साधले नाही, ते किराणा दुकानातल्या पुडीच्या रबराने साधेल असे मानायला मी तयार नाही.

नव्या शिकाऊच्या बोटांची टोके तारेमुळे चुरचुरतात आणि काही आठवड्यांनी तिथे घट्टा पडतो, एवढ्यापुरते 'दुखते' हे खरे आहे. मनगटातली कळ, हातातली ओढ किंवा बोटांना येणाऱ्या मुंग्या ही निराळी गोष्ट असून, ती जाणवताच गिटार खाली ठेवावी आणि ती टिकून राहिली तर डॉक्टरांना हात दाखवावा.

जोर लावून दाबण्याचा सल्ला तर कानानेच खोटा ठरतो. तार फ्रेटला (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) टेकली की स्वर निश्चित झाला. त्यापुढचा दाब स्वर मोकळा करत नाही, उलट तार ताणून तो चढवतो. हॅमर-ऑनमध्ये काम करतो तो बोटाचा वेग आणि त्याची जागा. बोटाचे टोक फ्रेटच्या अगदी लगत, नटच्या (दांडीच्या टोकाकडच्या, तारा बसवायच्या खाचांच्या पट्टीच्या) बाजूला पडले तर हलका आघातही पुरतो. तेच टोक दोन फ्रेटच्या मधोमध पडले की तार खरखरते आणि शिकाऊ आणखी दाबत जातो. बाकीची बोटे तारेपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर थांबली, तर वेग आपोआप येतो. पुल-ऑफला खालच्या स्वराचे बोट आधीच टेकलेले हवे आणि वरचे बोट सुटताना त्याने तार तळहाताच्या दिशेने किंचित छेडायला हवी. झटक्याने ओढले की शेजारची तार वाजते आणि स्वरही हलतो. ज्याच्या लेगाटोचे दाखले जगभर दिले जातात, तो ॲलन होल्ड्सवर्थ तर असे ओढणे शक्यतो टाळत असे.

अंगठ्याचा नियम अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. चार-पाच फ्रेटचा ताण घ्यायचा असेल तेव्हा अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर असला की बोटे पसरतात. मात्र तार वर ढकलून मींड काढताना तोच अंगठा नेकवरून डोकावला, तर हाताला आधार मिळतो. 'कायम' हा शब्द काढला की नियम चालण्यासारखा आहे. 'मनगट पुढे काढा' हे मात्र साफ चुकीचे आहे, कारण मनगटातली नस दबते का हे पाहण्यासाठी डॉक्टर रुग्णाला नेमके तेच मनगट मिनिटभर दुमडून धरायला सांगतात. मनगट जवळपास सरळ ठेवावे, आणि त्यासाठी बसून वाजवताना नेकचे टोक थोडे वर उचलावे.

राहिली ॲक्शन. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून ती तशीही वाढते, त्यात मुद्दाम भर घालण्याचे काही कारण नाही. अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर पुरते. भाच्याच्या गिटारवर ते चार निघाले. आधी नेकचा बाक तपासून, ट्रस रॉड (नेकच्या आतला बाक सांभाळणारा दांडा) ठीक करून मग सॅडलला (तारा ज्यावर टेकतात त्या खालच्या पट्टीला) हात लावावा. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचे असेल, तर सॅडलचा तळ दोन मिलिमीटर घासावा लागतो, आणि तोही एका दमात नव्हे, तर थोडा घासून, तारा चढवून, पुन्हा मोजून.