दिलेली पदवी परत घेता येते का?

पुण्यात हा वाद अधूनमधून पेटतोच. ज्योतिष, लस किंवा होमिओपॅथीवर कुणी तोंड उघडलं की पहिला प्रश्न येतो, "तुमचं शिक्षण काय?" समोरूनही उत्तर तयार असतं: "पदव्यांनी कुणी शहाणं होत नाही." मग कुणीतरी विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं नाव घेतं आणि विषय संपल्यासारखा होतो. इथे जर्मनीत बसून हे वाचताना वाटतं, तिघंही अधिकार माणसाला चिकटवताहेत. तो कामाचा असतो, आणि ते काम तपासता येईल तेवढाच.

उदाहरण पुण्याचंच घेऊ. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाच्या, म्हणजे फलज्योतिषाच्या, अभ्यासक्रमांना वाट करून दिली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. औपचारिक शिक्षणाचा शिक्का बसला. नंतर 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी साधी चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 कुंडल्या जमवल्या. 51 ज्योतिषी तयार झाले. प्रत्येकाला चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या 40 कुंडल्या गेल्या. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं. उत्तरं 27 जणांची आली आणि त्यांतली बरोबर निघाली सुमारे 46 टक्के.

सर्वांत चांगला निकाल होता 40 पैकी 24. म्हणजे 60 टक्के, आपल्याकडे पहिला वर्ग! नेमकी इथेच गफलत होते. नुसतं नाणं उडवून 40 पैकी 24 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे 13 टक्के असते. 27 जणांनी नाणं उडवलं तर तिघाचौघांना एवढे गुण सहज मिळावेत. इथे ते एकालाच मिळाले. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या घेतल्या होत्या, तिची बरोबर उत्तरं 102. हा हिशेब बारावीचा मुलगाही मांडू शकतो, आणि त्याने तो बरोबर मांडला तर त्याचं म्हणणं कुलगुरूंच्या मताइतकंच वजनदार ठरतं.

मग विज्ञानाच्या तत्त्वज्ञांचं काय काम? मोठं आहे, पण वेगळं. कशाला हार म्हणायचं ते निकाल लागण्याआधी ठरवा, नाहीतर "जन्मवेळ चुकली असेल" ही पळवाट कायम उघडी राहते, ही शिस्त पॉपरच्या विचारातून स्पष्ट होते. पण खोटा ठरवता येतो तोच दावा वैज्ञानिक, ही त्याची कसोटी एकटी पुरत नाही. नारळीकरांच्या चाचणीत ज्योतिषाचा दावा खोटा ठरवता आला, म्हणजे ती कसोटी तो पास झाला! तत्त्वज्ञ लॅरी लाउडन यांनी 1983 मध्ये हेच दाखवलं: विज्ञान कुठलं आणि छद्मविज्ञान कुठलं यावर भांडण्यापेक्षा पुरावा किती आहे ते विचारा. 2005 मध्ये अमेरिकेत डोव्हर इथल्या शाळेच्या खटल्यात 'बुद्धिमान रचना' (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले) या कल्पनेविरुद्ध रॉबर्ट पेनॉक यांनी साक्ष दिली आणि तिच्या बाजूने स्टीव्ह फुलर यांनी. दोघंही विज्ञानाचेच अभ्यासक तत्त्वज्ञ. पदवी बघून निकाल द्यायचा असता तर न्यायाधीशांना नाणंच उडवावं लागलं असतं.

जर्मनीत पदवीचा मान आपल्यापेक्षा कमी नाही, 'डॉक्टर' ओळखपत्रावरही लिहून घेता येतं. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कारागिरीतल्या 'माइस्टर'ला, म्हणजे उस्तादाला, राष्ट्रीय पात्रता चौकटीत सहावी पातळी मिळते, पदवीधराला मिळते तीच. त्याची परीक्षा चार भागांत होते: प्रत्यक्ष काम, त्या कामाचं शास्त्र, हिशेब आणि कायदा, आणि चौथा भाग शिकाऊ मुलांना शिकवता येतं का हा. आणि दिलेला मान काढूनही घेतात. शिक्षण आणि संशोधन खात्याच्या तेव्हाच्या मंत्री आनेटे शावान यांची 1980 ची डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने 2013 मध्ये, तेहतीस वर्षांनी, वाङ्मयचौर्यावरून रद्द केली. मंत्रिपद गेलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत प्रबंधातलं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं, 40 पर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्यायचा, 60 पर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यावर चोरी सिद्ध झाली तर पदवी मात्र काही काळ स्थगितच होते. शिवाय हे टक्के काढणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. इंग्रजी प्रबंधाचा मराठी अनुवाद त्यातून सहज निसटतो आणि मनाने भरलेले आकडे तर त्याला दिसतच नाहीत. ते दिसायला माणूसच लागतो.

आणि असा माणूस होणं अवघड नाही. 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर हजारो प्रबंध फुकट वाचता येतात. ज्याच्या पदवीवरून भांडण चाललंय त्याचा प्रबंध उघडा, प्रस्तावना सोडा, थेट पद्धतीच्या प्रकरणावर जा: नमुना किती जणांचा, निवडला कसा, मध्येच किती गळाले, आणि काय घडलं असतं तर लेखकाने "माझं चुकलं" म्हटलं असतं.